नॉर्थवुड्सच्या तळ्याकाठी: ऋतू आधी ठरवा, केबिन नंतर

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या नकाशात वॉसॉ शहराच्या वर पाहिलं की निळे ठिपके दाटत जातात. हाच नॉर्थवुड्सचा, म्हणजे उत्तरेकडच्या जंगल-तळ्यांचा भाग. एकट्या व्हिलास काउंटीत १,३०० हून अधिक तळी आहेत. हिमयुगाच्या शेवटी हिमनद्या उत्तरेकडे हटल्या, त्यांच्या मागे राहिलेले बर्फाचे अवाढव्य तुकडे मातीत रुतून वितळले आणि त्या खड्ड्यांची ही तळी झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथली पांढऱ्या पाइनची जंगलं तोडून नेली. लाकूड वाहायला आलेल्या रेल्वेने पुढे शिकागो-मिलवॉकीचे मासेमारीचे शौकीन आणले, आणि तळ्याकाठची रिसॉर्टं तेव्हापासूनची.

ही रिसॉर्टं म्हणजे गोव्याच्या समुद्रकाठची हॉटेलं नव्हेत. पाच-दहा लाकडी केबिन, एक धक्का, चार-दोन बोटी, शेकोटीची जागा आणि ऑफिसच्या मागेच राहणारं मालक कुटुंब, एवढाच बहुतेक ठिकाणी पसारा असतो. स्वयंपाक आपणच करायचा, भांडी आपणच घासायची, चादर बदलायला कोणी येत नाही. हे आधी कळलेलं बरं, नाहीतर पुण्याहून आलेले आईबाबा पहिल्याच संध्याकाळी विचारतात, ‘जेवण कुठे आहे?’

शिकागो, मिलवॉकी आणि मिनियापोलिसमधली आपली मंडळी सहसा उलट्या क्रमाने जातात. आधी फोटो बघून केबिन आवडते, मग सुट्टी जुळते तो आठवडा घेतला जातो, आणि तो बहुतेक वेळा ४ जुलैचाच असतो, म्हणजे सगळ्यात महाग, सगळ्यात गर्दीचा आणि डासांचा. माझं सांगणं एवढंच आहे की ऋतू आधी ठरवा. तो ठरला की तळं, केबिन, सामान, गाडीचे टायरसुद्धा आपोआप ठरतात.

कोणता ऋतू कोणासाठी

*एप्रिल आणि मेची सुरुवात.* तळ्यावरचा बर्फ साधारण एप्रिलच्या मध्यापासून मेच्या पहिल्या दिवसांपर्यंत फुटतो. रस्ते चिखलाचे, झाडं बोडकी, बरीच रिसॉर्टं बंद. सहलीसाठी हा काळ मी कोणाला सुचवणार नाही. अपवाद एकच: मेच्या पहिल्या शनिवारी मासेमारीचा मुख्य हंगाम उघडतो. गळ टाकणाऱ्यांचा तो सणच असतो आणि त्या शनिवार-रविवारच्या केबिन फार आधी भरलेल्या असतात.

याच दिवसांत रात्री तळ्यावर दिवे लावून भाल्याने मासे मारणारे लोक दिसले, तर ते बहुधा ओजिब्वे या इथल्या मूळ रहिवासी जमातीचे असतात. लॅक डू फ्लॅम्बो या त्यांच्या राखीव प्रदेशाचं नाव फ्रेंच व्यापाऱ्यांनी दिलेलं, ‘मशालींचं तळं’, ते याच प्रथेवरून. १८३७ आणि १८४२ च्या करारांत जमीन देताना शिकारीचा आणि मासेमारीचा हक्क ओजिब्वेंनी राखून ठेवला होता. १९८३ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने तो मान्य केला. त्यानंतर काही वर्षं बोटी उतरवायच्या धक्क्यांवर त्यांच्याविरुद्ध मोठी निदर्शनं झाली. म्हणून तिथे कॅमेरा घेऊन घुसू नका. लॅक डू फ्लॅम्बो गावात ओजिब्वे संग्रहालय आहे, ते मात्र आवर्जून बघा.

*मेचा उत्तरार्ध ते जुलै.* दिवस प्रचंड मोठा. जूनच्या अखेरीस साडेपंधरा तासांहून जास्त उजेड असतो आणि मुलं झोपायला तयार होत नाहीत. मे-जूनमध्ये चावऱ्या काळ्या माश्या, जून-जुलैत डास आणि या सगळ्या काळात गोचीड. हरणांवरची गोचीड लाइम आजार पसरवते. मे ते जुलैत तिची पिल्लं खसखशीच्या दाण्याएवढी असतात, सहज दिसत नाहीत. फिकट रंगाची लांब पँट, पायमोजे पँटवर ओढलेले, कपड्यांवर परमेथ्रिन या कीटकनाशकाचा फवारा आणि रोज रात्री काखा, गुडघ्यांची मागची बाजू, कानामागे, केसांत तपासणी. मुलांची करताच, आजीआजोबांचीही करा. गोचीड चिकटली असेल तर बारीक चिमट्याने कातडीच्या अगदी लगत पकडून सरळ ओढा. तेल, काडेपेटी असले घरगुती उपाय नकोत.

मेमध्ये हवा पंचवीस अंशांवर गेली तरी पाणी बर्फातून नुकतंच सुटलेलं असतं. डोंगी उलटून अशा पाण्यात पडलं तर पट्टीच्या पोहणाऱ्याचाही श्वास अडकतो. पोहायला खरं पाणी जुलै-ऑगस्टमधलं.

*ऑगस्टचे शेवटचे दोन आठवडे.* पहिल्यांदाच जाणाऱ्याने हे दिवस बघावेत. पाणी उन्हाळाभर तापलेलं, डास बरेच ओसरलेले, रात्री छान गार. विस्कॉन्सिनच्या कायद्यानुसार तिथल्या सरकारी शाळा १ सप्टेंबरच्या आधी सुरू करता येत नाहीत आणि त्यामागे पर्यटन व्यवसायाचा मोठा वाटा आहे, त्यामुळे तिथली कुटुंबं तेव्हाही आलेली असतात. पण इलिनॉयच्या बऱ्याच शाळा ऑगस्टच्या मध्यालाच सुरू होतात, म्हणून शिकागोकडची गर्दी कमी होते. शाळेचं बंधन नसलेल्यांना, म्हणजे लहान बाळं असलेल्यांना किंवा भारतातून आलेल्या आईवडिलांना घेऊन जाणाऱ्यांना, याहून सोयीचा काळ नाही. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, म्हणजे लेबर डे झाला की भाडीही उतरतात.

*सप्टेंबरची अखेर ते ऑक्टोबर.* मला विचाराल तर नॉर्थवुड्स हाच. साधारण सप्टेंबरच्या शेवटच्या आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात रंग टिपेला असतात. साखरी मेपल केशरी-लाल, अ‍ॅस्पेन आणि बर्च पिवळे, मध्ये पाइनचा काळपट हिरवा. दिवसा ऊन आणि रात्री गारवा असा मेळ बसला की लाल रंग जास्त चढतो. सलग ढग आणि वादळी वारा आला की दोन दिवसांत सगळं खाली. म्हणून एकच शनिवार-रविवार धरून बसू नका, शक्य असेल तर आठवड्याच्या मधले दिवस घ्या आणि राज्याच्या पर्यटन खात्याचा रंगांचा अहवाल बघत राहा. हा मुहूर्त चुकला तरी ऑक्टोबरच्या मध्यानंतर दलदलीतले टॅमरॅक सोनेरी होतात. सूचिपर्णी असूनही पानं गाळणारं हे झाड आहे, आणि त्याच्या रंगासाठी फारसं कोणी येत नाही, त्यामुळे निवांतपणा मिळतो.

क्रॅनबेरीची काढणीही याच वेळी. अमेरिकेतलं निम्म्याहून जास्त क्रॅनबेरी पीक विस्कॉन्सिनचं. फळांच्या आत हवेचे कप्पे असतात, म्हणून वाफ्यात पाणी सोडून वेल हलवले की फळं वर तरंगतात आणि अख्खं शेत लाल होतं. मॅनिटोविश वॉटर्स गावाच्या आसपास असे वाफे आहेत. ईगल रिव्हर गावी ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी क्रॅनबेरीची जत्रा भरते. कोजागरी ऑक्टोबरच्या सुरुवातीला आली, जशी २०२५ मध्ये ६ तारखेला होती, तर दुधाचं पातेलं आणि मसाला घेऊनच निघा. धक्क्यावर बसायला जाड जॅकेट मात्र लागेल. रात्री पारा शून्याच्या आसपास जातो.

याच सुमारास तळंही आतून बदलत असतं. उन्हाळ्यात वरचं पाणी कोमट आणि पंधरा-वीस फुटांखालचं थंडगार असे थर झालेले असतात. पाणी चार अंश सेल्सियसला सगळ्यात जड असतं. शरद ऋतूत वरचा थर थंड होऊन जड झाला की खाली बसतो आणि वाऱ्याने अख्खं तळं ढवळलं जातं. तेव्हा पाणी काही दिवस गढूळ दिसतं, कधी वासही येतो. मालकाकडे तक्रार करू नका, तळ्याचं नेहमीचं काम चालू असतं.

*नोव्हेंबर.* थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारपासून नऊ दिवस बंदुकीने हरणाच्या शिकारीचा हंगाम असतो. तेव्हा जंगलात चालायला जायचंच असेल तर भडक नारिंगी जाकीट आणि टोपी घालून जा. खरं तर जाऊच नका.

*डिसेंबर ते मार्च.* हा वेगळाच मामला आहे, त्याबद्दल पुढे सविस्तर.

तळं कसं निवडायचं

फोटोत सगळी तळी सारखीच दिसतात. जवळ लहान मुलं असतील तर तळाशी वाळू आहे का आणि उतार हळूहळू आहे का, हे दोनच प्रश्न महत्त्वाचे. काही तळ्यांचं पाणी कोऱ्या चहासारखं तपकिरी असतं. ते घाण नसतं, आसपासच्या दलदलीतल्या झाडपाल्याचं टॅनिन त्यात उतरलेलं असतं. पण मुलांना पाय दिसत नाहीत म्हणून ती घाबरतात, हे खरं.

बोटीतून दूरवर भटकायचं असेल तर साखळीतली तळी घ्या. ईगल रिव्हरला अठ्ठावीस तळी एकमेकांना जोडलेली आहेत, दिवसभर फिरलात तरी संपत नाहीत. शांतता हवी असेल तर साखळी टाळा, कारण जुलैत तिथे जेट-स्कीची घरघर दिवसभर चालते. अशा वेळी मोटारबोटींना बंदी असलेलं किंवा वेगमर्यादा घातलेलं छोटं तळं शोधा. नॉर्दर्न हायलँड-अमेरिकन लीजन हे राज्याचं वन दोन लाख एकरांहून मोठं आहे आणि त्यात अशी तळी पुष्कळ आहेत.

केबिनचं तोंड कुठे आहे तेही विचारा. पश्चिमेकडे असेल तर सूर्यास्त मिळतो, पण जुलैची दुपार तापते. पूर्वेकडे असेल तर सकाळचा चहा धक्क्यावर.

बुकिंग करताना

उन्हाळ्यात बहुतेक जागा शनिवार ते शनिवार अशा आठवड्यानेच मिळतात. तीन दिवसांसाठी हवी असेल तर सप्टेंबरनंतर प्रयत्न करा, किंवा ऐनवेळी रिकाम्या राहिलेल्या रात्रींसाठी सरळ फोन करा. छोट्या मालकांशी बोलून जे काम होतं ते वेबसाइटवर होत नाही.

फोनवर एवढं विचारून घ्या. चादरी-टॉवेल आपण आणायचे का? (बऱ्याच ठिकाणी टॉवेल आणायचे असतात.) भाड्यात बोट आहे का, तिला मोटर आहे का, की मोटरचे वेगळे पैसे? धक्क्यापर्यंत किती पायऱ्या आहेत? बाथरूम खालच्या मजल्यावर आहे का? आजींच्या गुडघ्यांचा प्रश्न असेल तर हे शेवटचे दोन आधी विचारा. तळ्याकाठच्या बऱ्याच केबिन उतारावर असतात आणि जाहिरातीतल्या ‘पाण्याला अगदी लागून’ या वर्णनात चाळीस पायऱ्या लपलेल्या असू शकतात. पैसे परत मिळण्याची अट लेखी घ्या.

भारतातून आलेल्या वडीलधाऱ्यांचा प्रवासी आरोग्य विमा आणि औषधं सोबत हवीत. मिनोक्वा-वुड्रफ परिसरात चांगली वैद्यकीय सोय आहे आणि तिच्यामागे एक गोष्ट आहे. बर्फातून, तळ्यांतून रुग्णांकडे पोचणाऱ्या डॉक्टर केट न्यूकोम यांच्या रुग्णालयासाठी १९५३ मध्ये शाळेतल्या मुलांनी दहा लाख पेनी जमवायचं ठरवलं आणि जमवले. त्याच्या आठवणीसाठी वुड्रफमध्ये काँक्रीटचा प्रचंड पेनी उभारलेला आहे. मुलांना दाखवा.

रस्ता आणि किराणा

शिकागोहून मॅडिसनपर्यंत आय-९० आणि पुढे आय-३९ धरून उत्तरेला, वॉसॉनंतर हायवे ५१. मिनोक्वापर्यंत साडेपाच-सहा तास. मिलवॉकीहून चार, मिनियापोलिसहूनही साधारण तेवढेच. हेवर्डला जायचं असेल तर मिनियापोलिसहून अडीच तास पुरतात. विमानाने ऱ्हाइनलँडर जवळ, पण पुढे गाडी लागतेच. संध्याकाळनंतर हरणं रस्त्यावर येतात, विशेषतः ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. एक हरीण गेलं की लगेच वेग वाढवू नका, मागून दुसरं येतं. मोबाइलची रेंज मध्येच जाते, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा.

भारतीय किराणा शिकागोत किंवा फार तर मॅडिसनपर्यंत भरून घ्या. वॉसॉमध्ये आग्नेय आशियातून आलेल्या ह्मोंग लोकांची मोठी वस्ती आहे, त्यामुळे आलं, कोथिंबीर, मिरच्या राहिल्या तर तिथल्या आशियाई दुकानांत डोकावता येईल. त्यापुढे ब्रेड, दूध, अंडी आणि आमिषाची गांडुळं एकाच दुकानात.

केबिनमधली शेगडी बहुधा विजेची, हळू तापणारी आणि हळूच गार होणारी. तिच्यावर पोळ्या नीट होत नाहीत. फ्रोझन पोळ्या किंवा भाजणी न्या. कुकर, मिसळणाचा डबा, पिठल्याचं बेसन आणि मेतकूट एवढ्यात चार दिवस निभतात. फोडणी करताना खिडकी आधी उघडा, कारण छोट्या केबिनमध्ये धुराचा अलार्म लगेच ठणाणा करतो. तळणीचं तेल सिंकमध्ये कधीही ओतू नका; इथे सांडपाणी सेप्टिक टाकीत जातं आणि ती तुंबली की सगळ्या रिसॉर्टचा खोळंबा. विहिरीच्या पाण्याला लोखंडाचा वास असू शकतो, चहापुरतं पाणी बरोबर असलेलं बरं. उरलंसुरलं अन्न आणि कचरा रात्री बाहेर ठेवू नका, काळी अस्वलं येतात.

एक संध्याकाळ सपर क्लबसाठी, म्हणजे इथल्या जुन्या पद्धतीच्या रात्रीच्या जेवणाच्या हॉटेलासाठी ठेवा. शुक्रवारी तळलेल्या माशांची मेजवानी, आणि ओल्ड फॅशन्ड हे कॉकटेल मागितलं तर ते व्हिस्कीऐवजी ब्रँडीचं येतं. विस्कॉन्सिनची ही जुनी खोड आहे. शाकाहाऱ्यांना भाजलेला बटाटा, सॅलड आणि तळलेले चीजचे तुकडे यांवर भागवावं लागतं, म्हणून घरून थोडं खाऊन निघा. ओजिब्वे लोक डोंगीतून झोडपून काढतात तो जंगली तांदूळ, मनोमिन, इथून घेऊन यावा असा. शेतात पिकवलेला नको, हाताने काढलेला मागा. त्याचा पुलाव फार छान होतो.

पाण्यावर

१ जानेवारी १९८९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला विस्कॉन्सिनमध्ये मोटारबोट चालवायची तर बोट-सुरक्षेचा कोर्स झालेला असावा लागतो. तो ऑनलाइन करता येतो, निघायच्या आधीच उरका. नवख्यांसाठी पाँटून बोट सगळ्यात बरी: सपाट, स्थिर, बाकं असलेली, आजीआजोबांना चढता येईल अशी. प्रत्येकासाठी मापाचं लाइफ जॅकेट हवं आणि पोहता न येणाऱ्यांनी ते अंगावरच ठेवावं. काठापासून आणि धक्क्यांपासून शंभर फुटांच्या आत बोट लाट न उठवता, अगदी संथ चालवायची.

या नियमाला आणखी एक कारण आहे. लाल डोळ्यांचे, काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचे लून पक्षी पाण्याच्या अगदी कडेला घरटं करतात आणि मे-जूनमध्ये एका मोठ्या लाटेने अंडी वाहून जातात. रात्री त्यांची लांबलचक हाक ऐकून भारतातून आलेले पाहुणे दचकतात, तेव्हा आधीच सांगून ठेवा.

मासे धरायचे तर सोळा किंवा त्याहून जास्त वयाच्या प्रत्येकाला परवाना लागतो. परराज्यातल्यांसाठी एक दिवसाचाही मिळतो. जूनच्या पहिल्या पूर्ण शनिवार-रविवारी आणि जानेवारीच्या तिसऱ्या पूर्ण शनिवार-रविवारी परवान्याशिवाय गळ टाकता येतो. नुसतं करून बघायचं असणाऱ्यांनी त्या तारखा धराव्यात. किती आणि केवढे मासे ठेवता येतात ते तळ्यागणिक बदलतं, बोटी उतरवायच्या जागेवरचा फलक वाचा.

पोहून आल्यावर अंग लगेच कोरडं करा. गोगलगायी आणि बदकांमधून येणाऱ्या एका परजीवीमुळे कधी कधी अंगावर खाज सुटते. धोका नसतो, पण दोन दिवस हैराण करते.

हिवाळ्यात जायचं तर

पहिला प्रश्न: केबिन हिवाळ्यासाठी बांधलेली आहे का? बऱ्याच ठिकाणी ऑक्टोबरनंतर पाइपांतलं पाणी काढून कुलूप लावतात. दुसरा प्रश्न: आतला रस्ता कोण आणि कधी साफ करतं? गाडीला बर्फाचे टायर, डिकीत फावडं, ब्लँकेट, टॉर्च आणि सुकं खाणं हवं. थंडी गंमत म्हणून घेऊ नका: ४ फेब्रुवारी १९९६ ला हेवर्डजवळच्या कूडरे इथे पारा उणे ४८ सेल्सियसपर्यंत गेला होता, राज्यातला तो विक्रम आहे. जानेवारीत उणे वीस ही तर नेहमीची गोष्ट.

स्नोमोबाईलची सुरुवात इथलीच म्हणायला हरकत नाही. सेनर गावच्या कार्ल एलियासनने १९२४ मध्ये घसरगाडीला मोटर जोडून आपलं पहिलं यंत्र बनवलं. भाड्याने चालवायची असेल तर १ जानेवारी १९८५ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना सुरक्षेचं प्रमाणपत्र लागतं. इतरांनी स्नो-शूज बांधून जंगलात फिरावं, ते कोणालाही जमतं. फेब्रुवारीच्या अखेरीस केबलहून हेवर्डकडे धावणारी बर्कबाइनर ही स्कीची शर्यत १९७३ पासून आहे. त्या आठवड्यात केबिन मिळणार नाही, हे गृहीत धरा.

तळ्यावर पाऊल टाकण्याआधी स्थानिकांना विचारा. स्वच्छ, घट्ट बर्फ चार इंच असेल तर माणूस चालू शकतो, स्नोमोबाईलला पाच ते सात इंच लागतो. पांढरट, बुडबुड्यांचा बर्फ असेल तर हा आकडा दुप्पट धरा. जिथे ओढा येऊन मिळतो, जिथे झरे आहेत, दोन तळ्यांमधल्या अरुंद खाडीत, तिथे बाकी तळं गोठलेलं असूनही बर्फ पातळ राहतो. मार्चमध्ये जाडी पुरेशी दिसली तरी बर्फ आतून कुजलेला असतो, तेव्हा काठावरच राहा.

निघताना

शेकोटीचं लाकूड घरून नेऊ नका आणि इथलं घरी आणू नका. अ‍ॅश झाडं पोखरणारा हिरवा भुंगा लाकडातूनच पसरतो. राज्याच्या वनात तर बहुतेक लाकूड दहा मैलांच्या आतलंच चालतं. स्वतःची डोंगी किंवा बोट असेल तर तळ्याबाहेर काढल्यावर तिला चिकटलेली पानवेल काढून टाकणं आणि आतलं सगळं पाणी तिथेच ओतून देणं कायद्याने बंधनकारक आहे. भांडी धुऊन, कचरा टाकून, सकाळी नऊ-दहापर्यंत केबिन सोडायची असते. किल्ली देताना पुढच्या वर्षीच्या याच आठवड्याबद्दल विचारा. बहुतेक मालक चालू पाहुण्याला पहिला हक्क देतात, आणि चांगले आठवडे जाहिरातीत येण्याआधी असेच संपतात.